रोलर कोस्टर बंद पडतो तेव्हा: खोळंबा, देखभाल आणि पुन्हा सुरू करण्याचा निर्णय

रूळरेषा (धागालेखक)

मनोरंजन उद्यानातला सर्वांत मोठा रोलर कोस्टर नेमका आपण गेलो त्या दिवशी बंद असला, की रांगेत उभ्या उभ्या निदाने सुरू होतात. यांना साधी देखभाल जमत नाही असे कोणी म्हणते, राइड जुनी झाली असे कोणी म्हणते, आणि तासाभराने ती पुन्हा सुरू झालीच तर 'आता हिच्यात बसणे धोक्याचे' असे बजावणाराही भेटतो. या सगळ्या बोलण्यामागे एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे चांगली राखलेली राइड थांबत नाही. मला ते पटत नाही. राइड किती वेळा थांबली यापेक्षा, थांबल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत तिथल्या माणसांनी काय केले, याला मी अधिक महत्त्व देतो. त्याची कारणे मांडतो. मतभेद असतील तर अवश्य लिहावेत.

गाडी मध्येच का थांबते, हे आधी पाहू. बहुतेक रोलर कोस्टरच्या गाडीत स्वतःची मोटर नसते. चढावरून सोडल्यावर ती स्वतःच्या वेगानेच पुढे जाते आणि वाटेत हवी तिथे थांबवता येत नाही. एकाच रुळावर अनेक गाड्या चालवायच्या असतील तर त्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून रुळाचे 'ब्लॉक' पाडतात आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असेल असे पाहतात. रेल्वेच्या सिग्नलव्यवस्थेतून आलेली ही कल्पना आहे. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडीला पूर्ण थांबवणारी सोय लागते, मग ती चढावरची साखळी असो, मधले ब्रेक असोत किंवा स्थानक असो. पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याची खात्री सेन्सरकडून मिळाली नाही, तर पीएलसी (राइडचा नियंत्रण-संगणक) मागच्या गाडीला आहे तिथेच धरून ठेवतो. सेन्सरची तार सैल झाली, त्याच्यासमोरून जाणारी पट्टी किंचित वाकली किंवा दोन सेन्सरच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तरी यंत्रणा 'पुढे गाडी आहे' असेच धरून चालते. म्हणजे चढावर माणसांसह अडकलेली गाडी पाहून आपल्या पोटात गोळा येतो, तेव्हा यंत्रणा बहुधा तिला नेमून दिलेले कामच करत असते.

आता याची दुसरी बाजू. २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स येथे 'द स्मायलर' या राइडवर चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी फेरी पूर्ण न करता रुळावरच थांबली. ब्लॉकच्या यंत्रणेने मागची, सोळा प्रवासी बसलेली गाडी चढावर अडवून धरली. आणखी एक गाडी थोड्याच वेळापूर्वी रुळावर आणली होती, आणि दुरुस्तीस आलेल्यांना एकूण किती गाड्या आहेत याची नीट कल्पना नव्हती. यंत्रणा खोटी सूचना देत आहे असे समजून त्यांनी अडवणूक हाताने मोडून काढली. सोळा जणांची गाडी रिकाम्या गाडीवर आदळली आणि दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये चालक कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड झाला. तपासयंत्रणेने ठपका ठेवला तो एखाद्या कामगाराच्या चुकीवर नव्हे, तर अशा प्रसंगी काय करायचे याची नेमकी कार्यपद्धतीच कंपनीने घालून दिली नव्हती यावर.

या घटनेत राइड 'थांबली' तोवर सर्व काही ठीक होते. अपघात झाला तो ती सुरू करताना.


नियंत्रणकक्ष

धागा आवडला, परंतु निष्कर्षाचा अर्धाच भाग मला मान्य आहे. मी उद्यानांत नव्हे, कारखान्यांतील नियंत्रण-यंत्रणांवर काम करतो. तत्त्व मात्र तेच आहे. थांबण्याची संख्या महत्त्वाची नाही असे आपण म्हणता, तेव्हा एक गोष्ट नजरेआड होते. एखादा सेन्सर विनाकारण वारंवार राइड थांबवत असेल, तर तिथली माणसे हळूहळू त्याच्यावर अविश्वास दाखवायला शिकतात. पहिल्या वेळी ती रुळावर जाऊन डोळ्यांनी पाहतात, पुढे कॅमेऱ्यावर भागवतात, आणि एक दिवस 'हा नेहमीचाच' म्हणून रीसेटचे बटण दाबले जाते. स्मायलरच्या उदाहरणातही सूचना खोटी वाटण्याला अशी पूर्वपीठिका असू शकते, हे सर्वसाधारण अनुभवावरून म्हणतो. तिथल्या नोंदी मी पाहिलेल्या नाहीत. त्यामुळे खऱ्या कारणाने थांबलेल्या आणि विनाकारण थांबलेल्या वेळा वेगळ्या मोजायला हव्यात, आणि दुसऱ्या प्रकारच्या वेळा कमी करणे हा देखभालीचाच भाग मानायला हवा.

यात एक अडचण आहे. सुरक्षितता वाढवायची म्हणून एका जागी दोन सेन्सर बसवतात, दोन स्वतंत्र नियंत्रक एकमेकांचे निकाल ताडून पाहतात आणि मतभेद झाला की राइड थांबवतात. भाग जितके अधिक, तितके मतभेद अधिक. याउलट ज्या ठिकाणी भौतिक नियमच काम करतो तिथे असे काही करावे लागत नाही. स्थायी चुंबकांचे ब्रेक हे त्याचे चांगले उदाहरण आहे: गाडीखालची धातूची पट्टी चुंबकांमधून जाताना तिच्यात भोवरी विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते गतीला विरोध करतात. वीज गेली तरी हा ब्रेक लागतो. मात्र वेग जसा कमी होतो तसा त्याचा जोरही कमी होत जातो, म्हणून गाडीला पूर्ण उभी करण्यासाठी घर्षणाचा ब्रेक किंवा दुसरी काही सोय लागतेच.

थांबण्याची संख्या राइडच्या रचनेवरही अवलंबून असते. साखळीच्या चढाऐवजी हायड्रॉलिक शक्तीने गाडी फेकणाऱ्या राइड्समध्ये दाबाखालचा नायट्रोजन, तेलाचे पंप, मोटरी, केबल गुंडाळणारा ड्रम आणि गाडीला ओढणारा सरकता भाग या सर्वांनी काही सेकंदांत एकत्र काम करायचे असते. अमेरिकेतील न्यू जर्सीमधील 'किंगडा का' २००५ मध्ये सुरू झाली, तेव्हा १३९ मीटर उंची आणि ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेग यांमुळे तिचा बराच गाजावाजा झाला होता. त्याच वर्षी जूनमध्ये चाचणीच्या वेळी गाडी फेकण्याच्या मार्गातील एक बोल्ट तुटला आणि राइड ऑगस्टपर्यंत बंद राहिली. पुढेही खोळंब्यासाठी ती प्रसिद्ध होती. २०२४ च्या अखेरीस ती कायमची बंद झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडण्यात आली. अशा राइडची तुलना साध्या साखळीच्या राइडशी करणे अन्यायाचे होईल.


उंचीचेभय

माझा प्रश्न अगदी सामान्य माणसाचा आहे. उद्यान रात्री बंद असते, हंगामाबाहेर तर काही ठिकाणी महिनोन्महिने बंद असते. मग तपासणी त्या वेळात का उरकत नाहीत, आणि ऐन गर्दीच्या दिवसांत 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी का लावावी लागते? रोज सकाळी नेमके काय पाहतात, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.


जुनाफिटर

रोजची तपासणी उद्यान उघडण्यापूर्वी होते आणि ती आपल्याला दिसत नाही, एवढेच. तंत्रज्ञ रुळाच्या कडेने, चढावरच्या पायऱ्यांनी आणि जिथे जाता येते तिथे चालत जाऊन बोल्ट, जोड, साखळी आणि ब्रेक पाहतात. गाडीच्या खाली उतरून चाके पाहतात. चाकांचे तीन संच असतात: रुळावर भार घेणारी, बाजूने धरणारी आणि रुळाच्या खालून अडकणारी. खालून अडकणाऱ्या चाकांची रचना जॉन मिलर यांनी शंभर वर्षांपूर्वी पेटंट केली. तिच्याशिवाय आजचे उभे उतार शक्यच झाले नसते. चाकांवर पॉलियुरेथेनचा किंवा नायलॉनचा थर असतो. तो झिजतो, त्यात चिरा पडतात आणि कधी तो सुटतोही, त्यामुळे चाके बदलणे हे नित्याचे काम आहे. खांद्यावरचे किंवा मांडीवरचे बंधन लागते का, लागल्यावर सुटत नाही ना, हे प्रत्येक आसनाचे तपासतात. मग रिकाम्या गाड्या फिरवतात आणि ब्लॉकची यंत्रणा मुद्दाम अडवून ती गाडी खरोखरच थांबवते का ते पाहतात. ठरलेल्या यादीवर सह्या झाल्याशिवाय राइड चालकांच्या ताब्यात दिली जात नाही.

रुळावर माणूस उतरण्याआधी राइडची वीज तोडून त्या खटक्याला प्रत्येकाने स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, हा नियम यातला सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. चार माणसे कामाला गेली असतील तर चार कुलपे असतात, आणि चौथा बाहेर आल्याशिवाय यंत्र चालू होऊच शकत नाही.

रात्रीच्या वेळात जे होत नाही ते म्हणजे गाडी पूर्ण उघडणे. वर्षातून एकदा, आणि काही भागांच्या बाबतीत ठरावीक फेऱ्यांनंतर, गाडी सांगाड्यापर्यंत सुटी करतात, रंग काढून टाकतात आणि आस (चाके ज्यावर फिरतात तो दांडा), वेल्डिंगचे जोड व चाकांचे धारक यांची चुंबकीय कण, रंगद्रव किंवा अल्ट्रासाउंड वापरून चाचणी करतात. डोळ्याला न दिसणारा तडा यात सापडतो. यास आठवडे लागतात, म्हणून दोनच गाड्या असलेल्या राइडची एक गाडी कार्यशाळेत असली की रांग दुप्पट होते, किंवा राइड बंदच ठेवावी लागते. सुटे भाग हे आणखी एक कारण आहे: उत्पादक कंपनी बंद पडली असेल तर एखादा भाग नव्याने बनवून घ्यावा लागतो, आणि त्या खोळंब्यावर कोणाचा इलाज नसतो.

हे काम पुढे ढकलले तर काय होते, याचे उदाहरण जपानमधील ओसाका येथील एक्स्पोलँडचे आहे. ५ मे २००७ रोजी, ऐन सुट्टीच्या दिवशी, उभ्याने प्रवास करायच्या 'फूजिन राइजिन २' या राइडच्या गाडीची आस धातूच्या थकव्याने तुटली. एका तरुणीचा मृत्यू झाला आणि एकोणीस जण जखमी झाले. ती आस १९९२ पासून एकदाही बदललेली नव्हती, आणि तडे शोधणारी वार्षिक चाचणी सुट्ट्यांच्या हंगामानंतरवर ढकललेली होती. ते उद्यान पुढे कायमचे बंद झाले. आपण ज्या 'देखभालीसाठी बंद' पाटीवर चिडतो, ती तिथे त्या आठवड्यात लागायला हवी होती.


कागदपत्रे

जुनाफिटर यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो, कारण देखभाल म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर पाना आणि ग्रीस येते. ५ डिसेंबर २००३ रोजी टोकियो डिस्नेलँडमधील 'स्पेस माउंटन'ची गाडी स्थानकाजवळ रुळावरून घसरली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. तिथेही आसच तुटली होती, पण कारण झीज नव्हते. १९९५ मध्ये बेअरिंगचे माप बदलून आसेची जाडी ४५ मिलिमीटर ठरवली होती. २००२ मध्ये नव्या आसा मागवताना मात्र जुनाच आराखडा वापरला गेला आणि ४४.१४ मिलिमीटरच्या आसा आल्या. जिथे सुमारे ०.२ मिलिमीटरची मोकळीक असायला हवी, तिथे ती एक मिलिमीटरच्या आसपास झाली. त्या सैलपणामुळे आसेवर कंपनांचा जादा ताण येत राहिला आणि शेवटी ती तुटली.

म्हणजे तपासणाऱ्याने यादीतील सर्व खुणा प्रामाणिकपणे केल्या, भाग अगदी नवा कोरा बसवला, तरी कपाटात दोन आराखडे राहिले आणि त्यांपैकी चुकीचा उचलला गेला. कालबाह्य आराखडे नष्ट करणे हे मी देखभालीच्या पहिल्या पाच कामांत धरतो.


उंचीचेभय

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. पण मग 'फ्युरी ३२५' या रोलर कोस्टरचे काय? जून २०२३ च्या शेवटी अमेरिकेतील कॅरोविंड्स उद्यानात तिच्या आधाराच्या पोलादी खांबाला आरपार तडा गेलेला होता, आणि तो एका पर्यटकाला खालून दिसला. गाडी जाताना खांबाचा तुकडा हलतानाचे चित्रण सर्वांनी पाहिले. रोज सकाळी सह्या होत असतील तर त्या कशावर होतात?


जुनाफिटर

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. रोजच्या तपासणीचा भर गाडी, ब्रेक, साखळी आणि बंधने यांवर असतो, कारण तिथे झीज वेगाने होते; खांब वर्षानुवर्षे टिकतील असे धरून त्यांच्या उंचावरच्या जोडांकडे रोज जमिनीवरूनच पाहिले जाते. हे स्पष्टीकरण झाले, समर्थन नव्हे. राइड तत्काळ बंद केली, उत्पादकाकडून नवा खांब आणून बसवला, रिकाम्या गाड्यांनी चाचण्या घेतल्या आणि राज्याच्या निरीक्षकांच्या तपासणीनंतर ऑगस्टमध्ये ती सुरू झाली, हे सर्व योग्यच झाले. परंतु तडा एका दिवसात आरपार जात नाही, ही गोष्ट उरतेच. आता ड्रोन आणि दुर्बिणीचे कॅमेरे स्वस्त झाले आहेत; उंचावरील जोडांसाठी ते नियमित न वापरण्याचे कारण मला दिसत नाही.


लाकूडकाम

सगळी चर्चा पोलादी राइड्सची चालली आहे, म्हणून लाकडी रोलर कोस्टरविषयी थोडेसे. तिथे रूळ म्हणजे लाकडी फळ्यांचे एकावर एक थर आणि त्यावर पोलादाची पट्टी. गाडीच्या प्रत्येक फेरीने हा थर थोडासा दबतो, बोल्ट सैल होतात, पावसात लाकूड फुगते आणि उन्हात आक्रसते. रोज रुळावरून चालत जाऊन सुटलेले बोल्ट आवळणे हे तिथे खरोखरच रोजचे काम असते, आणि दर हिवाळ्यात रुळाचे काही भाग उखडून नव्या लाकडाने बांधावे लागतात. तो भाग कोणता, हे सुतार गाडीच्या हादऱ्यांवरून ओळखतात. ज्यांना लाकडी राइड 'खडबडीत' वाटते, त्यांनी त्याच राइडवर रूळ बदलल्यानंतरच्या वर्षी बसून पाहावे. अलीकडे काही उद्याने लाकडी सांगाडा तसाच ठेवून वर पोलादी रूळ बसवतात. २०११ मध्ये टेक्सासमधील 'न्यू टेक्सास जायंट'पासून ही पद्धत रूढ झाली. देखभाल कमी होते हे खरे, पण माझ्यासारख्यांच्या लेखी ती मग लाकडी राइड राहत नाही. हा वाद इथे वाढवत नाही.

हवामानाबद्दलही कोणी लिहिले नाही. थंडीत बेअरिंगमधील ग्रीस घट्ट होते आणि चाकांचा थर कडक होतो, त्यामुळे गाडी मंद धावते आणि पुढचा चढ न ओलांडता खोलगट भागात अडकू शकते. तशी अडकलेली गाडी क्रेन किंवा विंच लावून ओढावी लागते, आणि त्यात अख्खा दिवस जातो. म्हणून ठरावीक तापमानाखाली आणि ठरावीक वाऱ्यापलीकडे राइड सुरूच करत नाहीत. आकाश निरभ्र दिसत असताना 'हवामानामुळे बंद' अशी पाटी पाहून हसणाऱ्यांनी वरच्या टोकाला वारा किती आहे, याचा विचार करावा.


रूळरेषा

नियंत्रणकक्ष यांचा मुद्दा मी मान्य करतो आणि माझे विधान बदलतो: विनाकारण थांबण्याची संख्या मोजायला हवी, कारण तीच माणसांना सूचनेकडे दुर्लक्ष करायला शिकवते. तरीही 'राइड किती टक्के वेळ चालू होती' हा आकडा जाहीर व्हावा, ही अनेक ठिकाणी होणारी मागणी मला धोक्याची वाटते. तो आकडा प्रसिद्ध झाला, किंवा व्यवस्थापकाच्या बढतीशी जोडला गेला, की स्थानकात उभ्या असलेल्या तंत्रज्ञावर 'लवकर सुरू कर' हा दाब वाढणार. 'टॉप थ्रिल २'चे उदाहरण पाहावे: मे २०२४ मध्ये मोठ्या जाहिरातीनंतर ओहायोतील सीडर पॉइंट येथे ती सुरू झाली, आठवडाभरातच गाड्यांत यांत्रिक बदल करण्याची गरज भासली आणि उद्यानाने ती तो पूर्ण हंगाम बंद ठेवून २०२५ मध्येच पुन्हा उघडली. टक्केवारीच्या हिशेबाने हे वर्ष लाजिरवाणे ठरेल. बंद ठेवण्याचा निर्णय मात्र माझ्या मते बरोबर होता. याच राइडच्या आधीच्या रूपात, ऑगस्ट २०२१ मध्ये, गाडीचा एक धातूचा तुकडा सुटून रांगेतील महिलेला गंभीर दुखापत झालेली होती.

एखादा आकडा उघड व्हावाच असे असेल, तर चालकांनी किंवा तंत्रज्ञांनी ब्लॉकची अडवणूक हाताने किती वेळा मोडली, हा आकडा मला पाहायला आवडेल.


कागदपत्रे

तो आकडा जाहीर होऊ लागला की नोंदीच कमी होतील, अशी शंका येते. लोक खोटे लिहितात असे नाही. गर्दीत लिहायचे राहून जाते.


नियंत्रणकक्ष

हाताने लिहिलेल्या नोंदवहीवर अवलंबून राहण्याची गरज नाही. नियंत्रक योग्य रीतीने बसवला असेल तर कोणता ब्लॉक, कोणत्या वेळी, कोणाच्या किल्लीने मोकळा केला, हे तो स्वतःच नोंदवतो, आणि ती नोंद पुसण्याचा अधिकार उद्यानातील कोणालाही नसावा अशी सोय करता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अडवणूक मोडण्यासाठी दोन किल्ल्या लागाव्यात, एक स्थानकातल्या चालकाकडे आणि दुसरी तंत्रज्ञाकडे, आणि दोघांनीही रुळावरच्या गाड्या स्वतंत्रपणे मोजून आकडा नियंत्रकात भरल्याशिवाय दोन्ही किल्ल्या फिरूच नयेत. दोघांचे आकडे वेगळे आले, तर राइड बंदच राहील.